आठ बाय पाचचा इंटरफेस

महादेवप्पा खानापुरे, म्हणजे संस्थेचे अध्यक्ष अप्पासाहेब, कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत नसत. डोळ्यांतून पाणी येतं, हे त्यांचं सांगायचं कारण. खरं कारण असं, की पडद्यावर सगळं लहान दिसतं, आणि लहान गोष्टींकडे बघायची सवय अप्पासाहेबांना राहिली नव्हती. संस्थेचं मुख्य कार्यालय लातूरला, कॉलेज नांदेडला, आणि दोन्हीकडची कुठलीही गोष्ट मंजूर करायची तर ती आधी फ्लेक्सवर छापून त्यांच्यापुढे टांगावी लागे. इमारतीचा नकाशा फ्लेक्सवर, परीक्षांचं वेळापत्रक फ्लेक्सवर. नात स्वप्नालीसाठी आलेल्या स्थळाचा फोटोही त्यांनी सहा बाय चारचा करून आणवला होता, आणि मुलाच्या कानावरचे केस बघून नकार कळवला होता.

तेव्हा कॉलेजच्या डिजिटल भांडाराला नवा इंटरफेस निवडायची वेळ आली, तर तोही फ्लेक्सवरच निवडला जाणार, हे उघड होतं. धम्मप्रिया जोंधळेला मात्र ते ठाऊक नव्हतं. नांदेडच्या ग्रंथालयात ती नऊ वर्षं सहायक होती, पण लातूरच्या बैठकीला तिला आजवर कुणी बोलावलं नव्हतं.

भांडार म्हणजे फार काही दिव्य नव्हतं. त्यात कॉलेजचे प्रबंध होते, जे लिहिणाऱ्यांनीही पुन्हा उघडले नव्हते. वार्षिक अहवाल होते. आणि जात्यावरच्या ओव्यांची अकराशे ध्वनिमुद्रणं होती. ही शेवटची भर धम्मप्रियाची. मराठी विभागाच्या मुलींना घेऊन ती दर सुट्टीत गावं पालथी घालायची. बिलोली झालं, देगलूर झालं, किनवटकडे थेट इस्लापूरपर्यंत जाऊन झालं. दळणाची जाती कधीचीच बाजूला पडलेली, काही तर दारात पायरी म्हणून पुरलेली. म्हाताऱ्या बाया जमिनीवर बसून, रिकाम्या मुठीनं खुंटा फिरवल्यासारखं करत गायच्या. सुरुवातीला लाजायच्या, मग थांबायचं नाव घ्यायच्या नाहीत.

या बायांची एक गंमत होती. गाव कोणतं म्हणून विचारलं, की साठ वर्षं नांदलेलं गाव सोडून त्या माहेरचं गाव सांगत. नाव विचारलं की बापाचं नाव पुढे येई, नवऱ्याचं नाही. धम्मप्रियानं पहिल्या वर्षी ते दुरुस्त करायचा प्रयत्न केला, आधार कार्ड मागून पाहिलं. एका म्हातारीनं तिला सरळ सुनावलं, "कागदावं काय बी असू दे पोरी. गाणं मी आईपशी शिकले. मग गाव तिचंच लागंल का न्हाई?" त्या दिवसापासून धम्मप्रियानं दुरुस्त्या बंद केल्या. बाईनं सांगितलं तेच नाव आणि तेच गाव. अशा अकराशे नोंदी तिनं एकटीनं केल्या.

जुन्या भांडाराच्या पहिल्याच पानावर 'गावानुसार' अशी यादी होती. दोनशे बारा गावं, आठ रांगांत, अ पासून ह पर्यंत. गावावर टिचकी मारली की त्या गावच्या लेकी दिसत. नावावर मारली की आवाज. दोन टिचक्यांत काम. दिसायला पान अगदीच साधं, पांढऱ्यावर निळी अक्षरं. पण बिलोलीकडच्या पारूबाई मोठ्या दवाखान्यात रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला नांदेडला आल्या, की गोळ्यांची पिशवी काखेत धरून आधी ग्रंथालयात यायच्या. त्यांना वाचता येत होतं ते जेमतेम. तरी पडद्यावर बोट फिरवत त्या आपलं गाव हुडकायच्या आणि वारलेल्या थोरल्या बहिणीचा आवाज ऐकून मगच बस धरायच्या. अशी माणसं महिन्याला पंधरा-वीस येत. कॉलेजच्या अहवालात त्यांचा आकडा कुठं लागत नव्हता, कारण त्यांच्यापैकी कुणाकडेही ओळखपत्र नव्हतं.

मग सॉफ्टवेअर जुनं झाल्याचं पत्र आलं. जुन्या आवृत्तीला यापुढे दुरुस्ती मिळणार नाही, नवी घ्यावीच लागेल. ते काम करायला रविकिरण नावाचा तरुण आला. चांगला होता, समजेल असं बोलायचा.

"म्याडम, नवीन आवृत्तीला दोन चेहरे हायेत. एक घ्यायचा, एक सोडायचा. पहिला तुमच्या जुन्यासारखाच हाय. साधा. तुमच्या गावांची यादी त्यात जशीच्या तशी येती. दुसरा लई चकाचक हाय, फोटो सरकत्येत, रंग बदलत्येत. पण गावाचा रकाना त्याला दिसतच न्हाई."

"दिसत न्हाई म्हणजे? मी भरलेलं कुठं जातं?"

"जात न्हाई कुठं. आत पडून राहतं. बाहेरच्याला दिसत न्हाई, शोधलं तरी घावत न्हाई. ते दाखवायला वेगळं काम करावं लागतंय, दोन-अडीच महिन्याचं. ते कुणी देणार हाय का तुम्हाला?"

"न्हाई."

"मग पहिला घ्या," रविकिरण म्हणाला. "डोळे झाकून घ्या."

डोळे झाकून घ्यायचा अधिकार धम्मप्रियाला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण प्राचार्य डॉ. उमाशंकर यांना हा विषय अप्पासाहेबांपुढे नेण्याइतका मोठा वाटला. प्राचार्यांना सगळेच विषय तेवढे मोठे वाटत. त्यांनी रविकिरणकडे दोन्ही चेहऱ्यांचे फोटो मागितले, लातूरला धाडले आणि आठ बाय पाचचे दोन फ्लेक्स छापून घेतले. चकाचक चेहऱ्यात नमुन्यादाखल कुठल्या तरी परदेशी डोंगराचं चित्र होतं. तिथं अप्पासाहेबांचा फोटो घालायला सांगितला.

बैठकीच्या दिवशी धम्मप्रिया सकाळच्या एसटीनं लोहा, अहमदपूर करत लातूरला पोचली. सभागृहाच्या दोन भिंतींवर दोन फ्लेक्स टांगलेले पाहून ती दारातच थबकली. डावीकडे तिची दोनशे बारा गावं. उजवीकडे हात जोडलेले अप्पासाहेब, त्यांच्या छातीच्या उंचीवर एक भिंग, आणि भिंगाशेजारी 'येथे शोधा'.

समितीत सात जण. एकानं विचारलं की यातला रस्त्यावरून कोणता चांगला दिसेल. दुसऱ्याला भिंग म्हणजे पळी वाटली, आणि ज्ञानभांडारात पळी कशाला, असा रास्त प्रश्न त्यानं मांडला. तिसरे एक निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांना आपण तंत्रज्ञानात मागे नाही हे दाखवायचं होतं. ते उठले, फ्लेक्सजवळ गेले आणि 'येथे शोधा'वर बोटानं दाबलं. फ्लेक्स हलला. ते म्हणाले, "चालतंय की!" आणि समाधानानं जागेवर येऊन बसले.

"बोला म्याडम," अप्पासाहेब म्हणाले. "तुमचं काय म्हणणं हाय?"

धम्मप्रिया उभी राहिली. तिनं पारूबाईंचं सांगितलं. माहेरच्या नावांचं सांगितलं. "सर, या बायांना शोधायचं तर गावावरूनच शोधता येतं. दुसऱ्या इंटरफेसमध्ये गावच दिसणार न्हाई. अकराशे बायांचा आवाज आत असून नसल्यासारखा होईल."

अप्पासाहेबांनी डाव्या फ्लेक्सकडे बघितलं. पहिल्या दोन रांगा बघितल्या असाव्यात. "ही तर मतदार यादी दिसायली."

सगळे हसले. प्राचार्य सर्वांत जास्त हसले.

"मतदारबी गावावरूनच शोधत्येत सर," धम्मप्रिया म्हणाली.

यावर कुणी हसलं नाही. अप्पासाहेबांनी तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. राग नव्हता त्यांच्या नजरेत. कपाटानं अचानक काही बोलावं, तसं काहीसं त्यांना झालं असावं. मग ते उजवीकडे वळले, आणि तिथं ते स्वतःच होते. आठ बाय पाच. त्या दोघांची नजरानजर झाली आणि विषय मिटला.

"हे जिवंत वाटायलंय," ते म्हणाले.

"एकदम बरोबर, अप्पा," प्राचार्य म्हणाले, आणि 'सर्वानुमते' हा शब्द इतिवृत्तात जाऊन बसला. धम्मप्रियाचं मत त्या सर्वांत कसं आलं, हे तिला कुणी विचारलं नाही.

निघताना अप्पासाहेबांनी डाव्या फ्लेक्सकडे हात केला. "हे म्याडमला देऊन टाका. ग्रंथालय गळत असंल तर वर टाकायला कामाला येईल." ग्रंथालय गळत होतंच. धम्मप्रिया ती गुंडाळी मांडीवर आडवी धरून एसटीत बसली. अहमदपूरला शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, "कुणाचा वाढदिवस?" धम्मप्रियाला रडू आलं, ते तिनं गिळलं, आणि मग नांदेड येईपर्यंत तिला प्राचार्यांचा, समितीचा, त्या भिंगाचा आणि 'सर्वानुमते' ऐकून गप्प बसलेल्या स्वतःचा नुसता संताप येत राहिला.

नव्या भांडाराचं उद्घाटन थाटात झालं. नारळ कॉम्प्युटरपुढेच फोडला आणि पाणी कळफलकात गेलं, तेवढंच एक विघ्न. पहिल्या पानावर दर पाच सेकंदांनी अप्पासाहेब बदलत: फेट्यात, बिनफेट्याचे, झाड लावताना, तेच झाड पुढच्या वर्षी पुन्हा लावताना. प्राचार्यांनी कार्यक्रमांचे सहाशे चाळीस फोटो भांडारात चढवले, प्रत्येकाला अप्पासाहेबांचं पूर्ण नाव जोडून. आता भिंगात काहीही टाकलं तरी अप्पासाहेब निघत. 'शेती' टाकलं तर अप्पासाहेब. 'संत' टाकलं तरी अप्पासाहेबच.

पारूबाई आल्या. त्यांनी सवयीनं बोट पडद्यावर नेलं, आणि तिथं फेटा बांधलेला माणूस बघून मागं घेतलं.

"बया, माझं गाव कुठं गेलं?"

"हाय मावशी. आत हाय."

"आत म्हंजी कुठं?"

धम्मप्रियानं पारूबाईंचा हात धरला आणि त्यांना जिन्याखालच्या खोलीत नेलं. तिथं जुना कॉम्प्युटर होता, त्यावर जुनं भांडार जसंच्या तसं. तो भंगारात काढायचं पत्र आलं होतं, अप्पासाहेबांच्याच सहीचं. धम्मप्रियानं त्याला उत्तर दिलं नव्हतं. नऊ वर्षांतली तिची ही पहिली बेशिस्त, आणि ती तिला चांगलीच मानवली होती. पण पत्राचं दुसरं स्मरणपत्रही आलेलं होतं. महिनाअखेर मशीन उचलायला माणूस येणार होता. तो आला की पारूबाईंची बहीण आणि बाकीच्या सगळ्या कायमच्या आत जाणार होत्या.

महिना संपायला चार दिवस असताना दुपारी अप्पासाहेब ग्रंथालयात आले. बरोबर प्राचार्य नव्हते, हार नव्हता, फोटोवालाही नव्हता. हातात एक चिठ्ठी होती. धम्मप्रिया चटकन उभी राहिली.

"बसा म्याडम. एक काम हाय." ते जरा घुटमळले. "आमच्या आईचं पहिलं पुण्यस्मरण हाय पुढच्या हप्त्यात. कमलम्मा. स्वप्नाली म्हणती, पणजीचं गाणं तुमच्या कॉलेजनं टेप केलेलं हाय. आईनंच सांगितलं होतं तिला. मला काही मालूम नव्हतं. कार्यक्रमात लावावं म्हणतो. हजारभर माणूस येईल."

"तुम्ही शोधून पाहिलंत, सर?"

"प्राचार्यांनी दोन दिवस शोधलं." त्यांनी चिठ्ठी पुढे केली. तिच्यावर प्राचार्यांच्या अक्षरात लिहिलं होतं: लिंगैक्य मातोश्री कमलम्मा खानापुरे. "हे टाकलं की माझेच फोटो निघायलेत."

धम्मप्रियाला हसू आलं नाही, याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. समोर उभा असलेला माणूस आई हुडकत होता.

"त्यांचं माहेर कुठलं?"

"हणेगाव. देगलूरच्या खाली. कामून?"

"या माझ्याबरोबर."

जिन्याखाली एकच खुर्ची होती. तिच्यावर अप्पासाहेबांना बसवून धम्मप्रियानं यादी उघडली. ह शेवटी, अगदी तळाशी. तिनं हणेगाववर टिचकी मारली. सहा लेकी निघाल्या. चौथी होती: कमळी, संगप्पाची लेक.

"संगप्पा आमचे आजोबा," अप्पासाहेब म्हणाले. त्यांनी पडद्याकडे मान पुढे केली. डोळ्यांतून पाणी येण्याचं कारण आता खरं होऊ पाहत होतं. "आमच्याकडं कुणी कमळी म्हणत नव्हतं तिला. लावा."

आधी खरखर झाली, कोंबडी ओरडली. मग एक पातळ, पण ठाम आवाज आला.

*ल्योक माझा मोठा झाला, गावोगाव त्याचा फोटू,*
*फोटूला का पाय हायती? त्याची वाट किती बघू!*

मागं मुली हसल्या. म्हातारीही हसली, आणि हसतच म्हणाली, "अगं पोरींनो, हे नगा ठिवू. त्याच्या कानावं जाईल." धम्मप्रियाचाच तेव्हाचा आवाज विचारत होता, "कुणाच्या, आजी?" म्हातारी म्हणाली, "हाय एक. लई कामात आस्तो."

मुद्रण संपलं. अप्पासाहेबांनी पडद्यापासून मान मागे घेतली. बाहेर कुणीतरी पुस्तकांचा गठ्ठा आदळला.

"हे इंटरनेटवर हाय?"

"हाय, सर."

"कुणालाबी घावंल?"

"जुन्यावर घावत होतं. नव्यात गावंच दिसत न्हाईत. कुणालाच घावणार न्हाई."

अप्पासाहेबांनी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं. "मग नवाच राहू द्या," ते म्हणाले.

धम्मप्रियाच्या कानशिलातून वाफ निघाली. बैठकीच्या शेवटी न फुटलेला आवाज आता फुटला. "आणि बाकीच्यांचं काय, सर? त्यांनी कुणाच्या फोटूला नावं ठेवली न्हाईत. त्यांचीबी लेकरं येत्येत इथं. तुम्ही आलात तशीच येत्येत. चार दिवसांनी हे मशीन उचलायला माणूस येणार हाय, तुमच्या सहीनं. मग तुमची आई तुम्हालाबी घावायची न्हाई."

असं त्यांच्याशी गेल्या वीस वर्षांत कुणी बोललं नव्हतं. एक आई सोडून, आणि तीही मशीनमधून आत्ताच बोलून थांबली होती. अप्पासाहेब रागावतील म्हणून धम्मप्रिया वाट बघत राहिली. ते रागावले नाहीत. खालमानेनं म्हणाले, "पुन्हा एकदा लावा."

तिनं लावलं. तिसऱ्यांदाही लावलं. मग ते उठले आणि गाडीत बसून निघून गेले.

पुण्यस्मरणाला हजारावर माणूस जमलं. मांडवात विकतची भजनं वाजली. दारावर फ्लेक्स होता, त्यात कमलम्मा वर कोपऱ्यात, वाटोळ्या चौकटीत, आणि मध्ये हात जोडून अप्पासाहेब. संकेतस्थळावर आजही दर पाच सेकंदांनी तेच बदलत असतात. गावाचा रकाना दाखवायचं काम कुणी कुणाला दिलं नाही. प्राचार्यांनी भांडाराला उत्कृष्ट उपक्रम म्हणून अहवालात घातलं आहे.

पण महिनाअखेर मशीन उचलायला माणूस आला नाही. त्यानंतरच्या महिन्यातही नाही. धम्मप्रियानं आणखी आठवडाभर वाट बघितली, मग गच्चीवर न टाकलेली ती गुंडाळी काढली आणि जिन्याखालच्या खोलीबाहेर भिंतीला ठोकली. आठ बाय पाचची अक्षरं पारूबाईंना चष्म्याशिवायही लागत. आता कॉम्प्युटरपर्यंत जायचंही कारण उरलं नव्हतं. आलेल्या माणसानं फ्लेक्सवर आपल्या गावावर बोट ठेवायचं, आत बसलेल्या धम्मप्रियानं टिचकी मारायची. समितीतल्या मुख्याध्यापकांना वाटलं होतं तसा तो फ्लेक्स खरोखरच चालू झाला.

एका शनिवारी पारूबाई गोळ्यांची पिशवी काखेत धरून उभ्या होत्या. पुढे दोन बाया होत्या, त्यांचं गाव सापडत नव्हतं. तेवढ्यात पांढऱ्या कपड्यांतला एक माणूस मागून आला आणि सगळ्यांच्या पुढे जायच्या सवयीनं सरळ फ्लेक्सपाशी गेला.

"ओ दादा," पारूबाई म्हणाल्या, "मागं व्हा. रांग हाय हितं."

धम्मप्रियानं आतून पाहिलं आणि तिचा हात जागच्या जागी थांबला. अप्पासाहेबांनी पारूबाईंकडे पाहिलं, मग रांगेकडे. ते मागे झाले. पारूबाईंची बहीण गाऊन होईपर्यंत ते भिंतीला टेकून उभे राहिले.

त्यांची पाळी आली. ह अगदी तळाशी होता. त्यांनी चष्मा लावला, गुडघ्यावर एक हात टेकून खाली वाकले, आणि हणेगाववर बोट ठेवलं.